कार्ड नेमकं कोणाकडे

ताई कामाला बसली की माझी होडी अडखळायची.

होडी म्हणजे पडद्यावरची. मी फायबरच्या मच्छीमार होड्यांची डिझाइनं करते. कॉम्प्युटरवर होडीचं अख्खं अंग उभं करायचं, ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचं, कुठे फुगवटा नाही, कुठे खळगा नाही याची खात्री करायची आणि मग फाइल मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये पाठवायची. तिथे तिच्यावरून साचा बनतो. साचा चुकला की त्यातून निघणारी प्रत्येक होडी तीच चूक घेऊन पाण्यात जाते. म्हणून ते फिरवून बघणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच होत नव्हतं. माऊस सरकवावा तर होडी जागच्या जागी थिजायची, मग एकदम झटका देऊन भलतीकडेच तोंड करून उभी राहायची.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याहून मोठी. बरीच वर्षं पुण्यात होती. घटस्फोट झाल्यावर रत्नागिरीला परत आली आणि आमच्याकडे राहू लागली. घर तिच्याही वडिलांचं, त्यामुळे ‘आमच्याकडे’ म्हणणंसुद्धा बरोबर नाही. पण मनात तसंच यायचं. ती आंब्याच्या पेट्या, सरबताच्या बाटल्या, मसाल्यांची पाकिटं यांची जाहिरातीतली चित्रं बनवते. बाटली अजून तयारही झालेली नसते, पण ताईच्या चित्रात तिच्यावर पाण्याचे थेंब जमलेले असतात आणि बघणाऱ्याला तहान लागते. त्या थेंबांनाही माझ्या होडीइतकंच दणकट मशीन लागतं.

ते मशीन नवऱ्याने आणलं. तो बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. आम्ही पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. तो समुद्रावर गेला, मी समुद्रावर जाणाऱ्या वस्तू काढत बसले. ताई आल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्याने एक मोठं काळं वर्कस्टेशन घरी आणलं. उचलायला दोघं लागले. दोघींना दोन मशीनं घेण्यापेक्षा एकच जबरदस्त घ्यायचं आणि त्याच्या पोटात दोन कॉम्प्युटर करायचे, असा त्याचा बेत. त्यांना तो व्हर्च्युअल मशीन म्हणायचा. खरं यंत्र एकच, पण आत दोन बिऱ्हाडं. एकीच्या फाइली दुसरीला दिसणार नाहीत, एकीकडे व्हायरस शिरला तरी दुसरीचं काही बिघडणार नाही. आमचे जुने लॅपटॉप म्हणजे आता नुसत्या खिडक्या. त्यांतून आपापल्या बिऱ्हाडात डोकवायचं आणि काम करायचं.

पुढच्या खोलीत, जांभ्याच्या भिंतीला लागून त्याने ते मांडलं, शेजारी यूपीएस ठेवला. बहुतेक सगळी सुट्टी तो त्यापुढे मांडी घालून बसला होता. जायच्या आदल्या दिवशी मी सौंदाळे मासे तळत असताना स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, “ऐक. त्यात ग्राफिक्स कार्ड एकच आहे आणि ते एका वेळी एकालाच देता येतं. मी तुला दिलंय. ताईचं साध्यावर भागेल. तिला बोलू नकोस, उगाच वाईट वाटेल.”

मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी कोणाला दाखवलं नाही, पण ताईला त्या दिवशी मोठा मासा वाढला.

तो गेला आणि दोघींची कामं वाढत गेली. सुरुवातीला होडी थोडी थोडी अडायची. मी आधी विजेला दोष दिला. मग उकाड्याला. मग खाऱ्या हवेला, आमच्याकडे कुठलीही वस्तू बिघडली की पहिला आळ तिच्यावरच जातो. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. ताई आंघोळीला गेली, बाजारात गेली, की होडी जरा सरळ फिरायची. ती परत येऊन बसली, तिच्या कीबोर्डचा टकटक आवाज सुरू झाला, की पुन्हा धक्के.

कार्ड माझ्याकडे आहे हे मला माहीत होतं. मग तिच्या बसण्या-उठण्याने माझं काम अडावं कसं? एकच उत्तर सुचत होतं: तिने काहीतरी केलं होतं. पुण्याला इतकी वर्षं मोठमोठ्या स्टुडिओत काढलेली बाई, तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. दोन्ही बिऱ्हाडांच्या खालच्या मूळ सिस्टीमचा पासवर्ड भावाने तिला दिला असेल का? मला तर दिला होता. तिला दिला असेल तर मला सांगितलं का नाही?

एकदा संशयाची नजर लागली की साध्या गोष्टी साध्या राहत नाहीत. मी खोलीत गेले की ताई लॅपटॉप थोडासा भिंतीकडे वळवायची. आधीही वळवत असेल. खिडकीतून उजेड येतो. पण आता ते मला दिसायला लागलं. येता-जाता ती त्या काळ्या खोक्याच्या अंगाला तळवा लावून बघायची, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा. आणि वरचेवर विचारायची, “तुझं बरं चाललंय ना गो?”

“बरं चाललंय,” मी म्हणायचे.

“काही अडत नाही?”

“नाही. तुझं?”

“माझं मस्त.”

ती खोटं बोलतेय असं मला वाटायचं, कारण मीही खोटंच बोलत होते.

एका दुपारी मी शेडवरून लवकर परतले. दार उघडंच होतं. ताई वर्कस्टेशनच्या मागे गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या टॉर्चने आत बघत होती. माझी चाहूल लागताच ती उठली.

“काय करतेस?” मी विचारलं.

“धूळ झालीय केवढी. पुसत होते.”

तिच्या हातात फडकं नव्हतं. मी पायातल्या चपला काढल्या, आत जाऊन पाणी प्यायले. आपल्याच घरात आपण कोणाला तरी पकडलंय आणि तरी काही बोलता येत नाही, असं मला आधी कधी झालं नव्हतं.

नवऱ्याला मेसेज केला. ताई मशीनमध्ये काहीतरी करतेय, माझं काम नीट होत नाही, असं स्पष्ट लिहिलं. बोटीवर नेट मिळेल तेव्हा मिळतं. दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं: “तिला काही विचारू नकोस. आल्यावर बघतो.” हे वाचून माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. विचारू नकोस का म्हणे?

मग शेडचे मालक एक दिवस घरी आले. नव्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी उंच हवी होती. ते स्वतः बघून सांगणार होते. मी त्यांना खुर्ची दिली, चहा ठेवला आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे केला. ताई तिच्या कोपऱ्यात काम करत होती. मी होडी फिरवायला घेतली. ती थिजली. मी थांबले. ती झटक्यात उलटी झाली आणि तळ वर करून उभी राहिली. मी हसून पुन्हा माऊस हलवला. पुन्हा तेच. मालक खुर्ची पुढे ओढून बघायला लागले. शेवटी म्हणाले, “मॅडम, ही पाण्यात नाय, चिखलात रुतलेली दिसते.” ते चेष्टेतच बोलले, पण जाताना म्हणाले, “काम नीट झालं की फाइल धाडा. घाई नाय आमची.” घाई होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ते फाटकाबाहेर पडले आणि मी ताईसमोर जाऊन उभी राहिले.

“ताई, तू मागून काय चालवतेस ते मला आज सांग.”

तिने चष्मा काढला. “मी काय चालवते? मीच तुला विचारणार होते. तू होडी उघडलीस की माझं चित्र गोठतं. चार ग्राहकांना मी उशीर केला.”

“माझ्यामुळे तुझं कसं गोठेल? कार्ड माझ्याकडे आहे, ते माझंच काम करणार.”

“तुझ्याकडे?” ताई म्हणाली. “कार्ड तर माझ्याकडे आहे.”

बाहेर मालकांची गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

“तुला कोणी सांगितलं?” तिने विचारलं.

“त्यानेच. स्वयंपाकघरात, जायच्या आदल्या दिवशी.”

“मला स्टेशनवर सांगितलं. मी सोडायला गेले होते ना. गाडी लागली होती, तेव्हा म्हणाला, तुझं काम नाजूक आहे ताई, म्हणून कार्ड तुला दिलंय. हिला बोलू नकोस, वाईट वाटेल.”

शब्दसुद्धा तेच. तरी मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही, आणि तिनेही माझ्यावर ठेवला नाही. दोघींच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मीच म्हटलं, “उघडून बघू. आधी तुझं, मग माझं.” पासवर्ड टाकताना ती म्हणाली, “तिकडे बघ,” आणि मी भिंतीकडे तोंड केलं. माझी पाळी आली तेव्हा तिने केलं. मशीनला काय काय जोडलंय त्याची यादी सिस्टीममध्ये असते. ताईच्या यादीत ग्राफिक्स कार्डाच्या जागी एका कामचलाऊ सोयीचं नाव होतं, चित्र कसंबसं दाखवण्यापुरतं. माझ्या यादीतही तेच नाव होतं.

“मग कार्ड आहे कुठे?” ताई म्हणाली. “आहे तरी का?”

आम्ही मशीन बंद केलं आणि बाजूचा पत्रा काढला. कार्ड होतं. चांगलं विटेएवढं, तीन पंखे असलेलं. पत्रा उघडा ठेवूनच मशीन पुन्हा चालू केलं, दोघींनी आपापली कामं उघडली. दोघींच्या लॅपटॉपवर चित्रं धापा टाकत होती आणि कार्डाचे पंखे हलत नव्हते. ते कोणालाच दिलेलं नव्हतं. होडीचं अंग आणि बाटलीवरचे थेंब, सगळं रंगवायचं काम प्रोसेसरच्या बोकांडी बसलं होतं आणि त्याला आम्ही दोघी दोन बाजूंनी ओढत होतो. म्हणजे ताई बसली की माझं अडतं हे खरंच होतं. ते तिच्या बाजूनेही तितकंच खरं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी त्याची बोट कुठल्याशा बंदराला लागली आणि व्हिडिओ कॉल आला. एरवी मी आणि ताई त्याच्याशी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खोल्यांत बोलायचो. त्या दिवशी दोघी शेजारी बसलो. पडद्यावर दोघींना एकदम बघून त्याचा चेहरा बदलला. अगदी थोडा, पण बदलला.

“कार्ड कोणाकडे आहे रे?” ताईने विचारलं.

तो नजर चुकवून कुठेतरी बाजूला बघत राहिला. मग म्हणाला, “नाही जमलं. द्यायला गेलं की मशीन सुरूच व्हायचं नाही, नाहीतर अख्खं लटकायचं. जायचे दिवस आले. म्हटलं, पुढच्या सुट्टीत करू.”

“मग दोघींना का सांगितलंस?” मी म्हटलं.

“दोघी खूश होतात की,” तो म्हणाला. एवढंच. त्याला यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं, नुसतं अवघडल्यासारखं झालं होतं.

कॉल संपल्यावर ताई उठली नाही. पदराने चष्मा पुसत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बोटीवरच्या नोकरीचं तुला त्याने काय सांगितलंय?”

“हा शेवटचा करार. यानंतर नाही जाणार. इथेच काहीतरी बघणार.”

ती चष्मा पुसतच राहिली.

“तुला काय सांगितलंय?” मी विचारलं.

“अजून बरीच वर्षं, असं म्हणाला. हिला आत्ता बोलू नकोस म्हणाला.”

मला तो क्षण अजून नीट आठवतो, कारण मला एकाच वेळी दोन माणसांचा संशय आला. नवऱ्याचा तर आलाच. इतक्या वर्षांतले ‘हा शेवटचा’ मला एकामागून एक आठवायला लागले. प्रत्येक वेळी तो खऱ्या आवाजात म्हणाला होता. पण ताईचाही आला. ती हे आत्ताच का सांगतेय? आधी का नाही सांगितलं? एकटं पडलेलं माणूस दुसऱ्यालाही एकटं करायला बघतं, असलं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. कार्डाचं काय ते यादी उघडून कळलं होतं. याला तसं काही उघडून बघता येत नव्हतं.

मी म्हटलं, “बघू आला की.” आणि स्वयंपाकाला लागले.

मशीनचं मात्र आम्ही त्याच्यासाठी थांबवलं नाही. ताई दुपारी बसून वाचायची, कोणी कोणी काय उपाय केले ते मला सांगायची, आणि खालच्या सिस्टीमवर ते करायचं काम माझं. दोघी असल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं न बोलताच ठरलं होतं. त्यात प्रेम होतं असं म्हणणार नाही. दोघींचं एकमेकींवर लक्ष होतं. शेवटी दोन गोष्टी सापडल्या. मशीन चालू होताना जो मूळ मेनू येतो, त्यात आतल्या मशीनला एखादा भाग संपूर्ण सोपवण्याची परवानगीच बंद होती. आणि खालची सिस्टीम सुरू झाल्या झाल्या कार्ड स्वतः धरून बसायची. ते हिसकावून घ्यायला गेलं की सगळं लटकायचं. तिला आधीच सांगून ठेवावं लागत होतं की याला हात लावू नकोस. यात किती वेळा पडदा काळा पडला ते विचारू नका. एकदा तर ताई म्हणाली, “वायंच थांब, मी देवाला दिवा लावून येते,” आणि खरंच लावून आली.

कार्ड एका वेळी एकीलाच मिळणार होतं, आणि ते दुसरीला द्यायचं तर आधी पहिलीचं मशीन बंद करावं लागायचं. सकाळी माझ्याकडे आणि जेवणानंतर तिच्याकडे, असं ठरवलं. ज्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या मशीनला लागलं त्या दिवशी मी होडी फिरवली आणि ती फिरली. माऊसबरोबर वळली, माझा हात थांबला तिथे थांबली. मी ती सावकाश, पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. आणि मग पाणरेषेच्या खाली, नाळेजवळ उजेड किंचित मोडताना दिसला. तिथे एक पुसटसा खळगा होता. अडखळत बघताना तो मला कधीच दिसला नसता. तो सुधारून मी फाइल पाठवली आणि शेडच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं, साचा घातला नव्हता.” ताईला सांगितलं तर ती उठून माझ्यामागे उभी राहिली आणि कुठे होता तो दाखव म्हणाली. मी दाखवला. ती बराच वेळ बघत होती.

तरी दुपारी कार्ड तिला देताना माझं मशीन तिने आधीच बंद तर केलं नाही ना, हे मी बघायचे. आणि सकाळी मी बसले की ती घड्याळाकडे बघायची.

नवरा सुट्टीवर आला. आम्ही खोक्यात काय केलंय ते त्याने बघितलं, ताईची पाठ थोपटली, माझ्याकडे बघून हसला. मी काही दिवस काहीच बोलले नाही. त्याचं बोलणं ऐकत होते, फोनवर कोणाशी किती बोलतो ते बघत होते, आणि मला स्वतःचा कंटाळा येत होता. एका सकाळी ताई बाजारात गेली होती. तो मशीनचा पत्रा काढून ब्रशने पंख्यांतली धूळ झाडत होता. मी शेजारी बसले.

“हा शेवटचा होता ना?”

“हो,” तो म्हणाला. ब्रश चालू होता.

“ताईला वेगळं सांगितलंस.”

ब्रश थांबला. मला वाटलं आता म्हणेल, ताई काहीही बोलते. मी त्याचीच वाट बघत होते. तसं म्हणाला असता तर मी कदाचित मानलंही असतं.

“तिला खरं सांगितलं,” तो म्हणाला.

“आणि मला?”

“तुला जे ऐकायचं होतं ते.” त्याने ब्रश खाली ठेवला. “मी इथे काय करू? मिरजोळ्यात एखाद्या शेडमध्ये मोटारी बांधत बसू? बोटीवर मला सगळे आवाज ओळखता येतात. इथे चार दिवस झाले की कोणी काय बोलतंय तेच मला कळत नाही.”

“मग तसं सांगायचं.”

“तू रडली असतीस.”

“रडले असते,” मी म्हटलं. “मग थांबले असते.”

त्याने ब्रश पुन्हा उचलला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते हातात घेऊन काय करायचं ते कळत नव्हतं. ताई सौंदाळ्याची पिशवी घेऊन आली. आमच्या दोघांकडे बघितलं आणि सरळ आत निघून गेली.

त्या सुट्टीच्या शेवटी त्याने पुढची बोट कुठली, किती महिन्यांची, हे जेवताना दोघींसमोर सांगितलं. मी रडले, पण घरातच, आणि या वेळी स्टेशनवर सोडायला मी गेले. गाडी यायला अवकाश होता. तो इकडचं तिकडचं बोलत होता. शेडचं काम, छपराची गळती, ताईची तब्येत. ताईला मिरजोळ्यात एक खोली बघायची आहे, स्वतःचं मशीन घ्यायचं आहे, असं ती त्याला म्हणाली होती. मला म्हणाली नव्हती.

“तुला कधी म्हणाली?” मी विचारलं.

“परवा. तुला सांगते म्हणालीय.”

गाडी आली. त्याने बॅगा आत टाकल्या, दारात उभा राहून हात हलवला. स्कूटर घेऊन घरी येताना मी ठरवलं होतं की ताईला सरळ विचारायचं. घरी आले तर ती माझ्या जागेवर बसून माझी होडी फिरवत होती. माझ्या पासवर्डने. तो मीच तिला गेल्या महिन्यात सांगितला होता, हे आठवायला मला थोडा वेळ लागला.

“खोली बघतेयस म्हणे,” मी म्हटलं.

“बघितली,” ती म्हणाली, माऊसवरचा हात न काढता. “आज तुला घेऊनच जाणार होते. चहा ठेव, मग निघू.”

मी चहा ठेवला.